फोनमधलं सोनं, कथील आणि टंगस्टन येतं कुठून? कंपन्यांचे ‘खनिज अहवाल’ कसे तपासायचे

मी मूळचा शिंदखेड्याचा. काही दिवसांपूर्वी एका मोठ्या अमेरिकन टेक कंपनीचा ‘कॉन्फ्लिक्ट मिनरल्स रिपोर्ट’ चाळत होतो. शेवटच्या पानांवर जगभरातल्या धातू शुद्ध करणाऱ्या कारखान्यांची लांबलचक यादी होती. सहज म्हणून पीडीएफमध्ये ‘इंडिया’ सर्च केलं, आणि समोर नाव आलं: शिरपूर गोल्ड रिफायनरी लिमिटेड, ओळख क्रमांक सीआयडी ००२५८८.

शिरपूर! आमच्याकडून तापी ओलांडली की पलीकडचा तालुका. मग दुसऱ्या कंपनीचा अहवाल उघडला, तिसऱ्या कंपनीचा उघडला. तिथेही तेच नाव. पहिल्यांदा वाटलं, वा, आपल्या धुळे जिल्ह्यातलं सोनं जगभरच्या गॅजेट्समध्ये! पण नीट वाचल्यावर कळलं की त्या यादीचा अर्थ तसा नाही. आणि हा अर्थ समजला की असले अहवाल कसे वाचायचे हेही समजतं. तर आज तेच पाहूया.

आधी हे समजून घ्या: फोनमध्ये कोणती खनिजं असतात?

या विषयात चार धातूंचं नाव सारखं येतं. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना ‘थ्रीटीजी’ म्हणतात.

- कथील (टिन): सर्किट बोर्डवर भाग चिकटवायला जे सोल्डर वापरतात, त्यात.
- टँटलम: छोट्याशा जागेत बसणाऱ्या कपॅसिटरमध्ये. हा ‘कोल्टन’ नावाच्या खनिजातून मिळतो.
- टंगस्टन: फोन व्हायब्रेट होतो ना, त्या छोट्या मोटरमधलं वजन बऱ्याचदा टंगस्टनचं असतं.
- सोनं: कनेक्टर आणि चिपच्या जोडण्यांवर. प्रमाण मिलीग्रॅममध्ये मोजावं इतकं, पण फोन अब्जावधी आहेत.

हे धातू अनेक देशांतून येतात. प्रश्न उभा राहिला तो पूर्व काँगोमुळे. तिथे अनेक वर्षं सशस्त्र टोळ्या खाणींवर किंवा खाणीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर ताबा मिळवून वसुली करतात, आणि त्या पैशातून शस्त्रं घेतात. म्हणून या धातूंना ‘कॉन्फ्लिक्ट मिनरल्स’, म्हणजे संघर्षाला पैसा पुरवणारी खनिजं, असं नाव पडलं.

कायदा काय सांगतो?

अमेरिकेत २०१० साली डॉड-फ्रँक कायदा झाला. त्याच्या कलम १५०२ मध्ये हा विषय आहे. तिथल्या शेअर बाजाराची नियामक संस्था, म्हणजे एसईसीने, २०१२ मध्ये नियम केले आणि २०१४ मध्ये पहिले अहवाल आले. पहिल्या वर्षी सुमारे १३०० कंपन्यांनी अहवाल दिले.

नियम थोडक्यात असा:

१. तुमच्या उत्पादनात हे चार धातू आवश्यक घटक म्हणून आहेत का ते बघा.
२. असतील तर ते काँगो किंवा त्याच्या शेजारच्या नऊ देशांतून आले का, याची वाजवी चौकशी करा.
३. तसं असण्याची शक्यता दिसली तर पुरवठा साखळीची सखोल तपासणी करा आणि अहवाल द्या.

हा अहवाल ‘फॉर्म एसडी’ सोबत दर वर्षी ३१ मेपर्यंत एसईसीकडे जातो आणि ‘एडगर’ या सरकारी वेबसाईटवर कोणालाही फुकट वाचता येतो. तपासणी कशी करायची याची पद्धत बहुतेक कंपन्या ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मार्गदर्शिकेतून घेतात. युरोपियन युनियननेही आयातदारांसाठी असाच कायदा केला, तो १ जानेवारी २०२१ पासून लागू आहे.

एक गोष्ट लक्षात घ्या. हा कायदा काँगोचं खनिज वापरायला बंदी घालत नाही. तो फक्त सांगतो, ‘चौकशी करा आणि काय सापडलं ते जाहीर करा.’ म्हणजे सगळं ओझं त्या अहवालावर आहे. अहवाल पोकळ असेल तर कायदाही पोकळ.

सगळी मदार कारखान्यावर का? जिनिंगचं उदाहरण घ्या

आपल्याकडे कापूस जिनिंगला जातो. तुमच्या शेतातला, माझ्या शेतातला, नंदुरबारहून आलेला, सगळा एकाच ढिगात. सरकी वेगळी होते, रुईची गाठ बांधली जाते. आता त्या गाठीकडे बघून कोणी सांगेल का, की यातला कापूस कोणाच्या शेतातला? नाही. शेताचा हिशोब ठेवायचा असेल तर तो ढीग होण्याआधी, जिनिंगच्या गेटवरच ठेवावा लागतो.

धातूंचं अगदी तसंच आहे. खाणी हजारो, फोनचे भाग बनवणाऱ्या कंपन्याही हजारो. पण मधले धातू वितळवणारे आणि शुद्ध करणारे कारखाने जगात काही शेकडाच. त्यांना स्मेल्टर आणि रिफायनरी म्हणतात. एकदा तिथे माल वितळला की मूळ पुसलं जातं. म्हणून तपासणी याच गेटवर करायची असं ठरलं.

ही तपासणी चालवणारी मोठी संस्था म्हणजे ‘रिस्पॉन्सिबल मिनरल्स इनिशिएटिव्ह’, थोडक्यात आरएमआय. तिच्या ऑडिटमध्ये कारखाना निकषांवर उतरला तर त्याला ‘कन्फॉर्मंट’ म्हणतात. ऑडिटसाठी तयार होऊन प्रक्रियेत असेल तर ‘अ‍ॅक्टिव्ह’. बाकीचे या दोन्ही यादींत नसतात. सोन्याच्या बाबतीत लंडनच्या एलबीएमए या संस्थेचं ऑडिटही आरएमआय मान्य करते. भारतातली हरियाणातली एमएमटीसी-पॅम्प ही रिफायनरी एलबीएमएच्या ‘गुड डिलिव्हरी’ यादीत आहे.

यादी तयार कशी होते? हे मी स्वतः केलंय

कंपनी आपल्या पुरवठादारांना एक एक्सेल फाईल पाठवते. तिचं नाव सीएमआरटी. त्यात विचारलेलं असतं: तुमच्या मालात हे धातू आहेत का, किती टक्के पुरवठादारांनी तुम्हाला उत्तर दिलं, आणि कोणकोणत्या स्मेल्टरचा माल येतो. पुरवठादार तीच फाईल त्याच्या पुरवठादाराला पाठवतो, तो पुढच्याला. अशी पाच-सहा पायऱ्या खाली गेल्यावर स्मेल्टरची नावं मिळतात आणि मग ती उलट वर येतात.

इंजिनिअरिंग संपवून मी पहिल्या नोकरीला लागलो तेव्हा आमची छोटी कंपनी एक इलेक्ट्रॉनिक उपकरण बनवायची. एका परदेशी ग्राहकाकडून ही फाईल आली. काम नवीन पोराच्या, म्हणजे माझ्या गळ्यात पडलं. सीनियर म्हणाला, ‘अरे, गेल्या वर्षीची फाईल घे, तारीख बदल आणि पाठव.’ मी पाठवली. दोन मिनिटांचं काम. ग्राहकाकडून एकही उलट प्रश्न आला नाही. त्या वर्षीच्या त्यांच्या अहवालात ‘उत्तर देणाऱ्या पुरवठादारां’मध्ये आमचीही गणना झाली असणार.

आज त्याची लाज वाटते. पण म्हणूनच सांगतो, ‘९५ टक्के पुरवठादारांनी प्रतिसाद दिला’ असं वाक्य दिसलं की लगेच खूश होऊ नका. प्रतिसाद आला म्हणजे माहिती खरी आहे, असं नाही.

मग शिरपूरचं नाव यादीत असण्याचा अर्थ काय?

सीएमआरटी भरताना पुरवठादाराला एक पर्याय निवडावा लागतो: ही माहिती या एका उत्पादनाची, की संपूर्ण कंपनीची? बरेच जण ‘संपूर्ण कंपनी’ निवडतात, कारण ते सोपं. मग त्यांच्या सगळ्या धंद्यात कुठेही, कोणासाठीही वापरलेल्या सगळ्या स्मेल्टरची नावं यादीत येतात. शिवाय जुन्या फाईलमधली नावं तशीच पुढे सरकतात (माझ्यासारखे लोक असतातच).

त्यामुळे शिरपूरचं नाव दिसलं म्हणजे:

- त्या कंपनीच्या फोनमध्ये शिरपूरच्या रिफायनरीचं सोनं आहे, हे सिद्ध होत नाही. साखळीतल्या कोणीतरी ते नाव सांगितलंय, इतकंच.
- मी पाहिलेल्या यादींत या नावापुढे ‘कन्फॉर्मंट’ अशी खूण नव्हती. पण खूण नसणं म्हणजे दोषी असणं नाही. या ऑडिटमधून ते तपासलं गेलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ.
- खरा प्रश्न रिफायनरीला नाही, तर अहवाल लिहिणाऱ्या कंपनीला आहे. यादीतलं एक नाव तपासलेलं नाही हे तुम्हीच छापता, वर्षानुवर्षं छापता. मग त्याबद्दल केलंत काय?

या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ज्या अहवालात सापडतं तो चांगला. ‘आम्ही जबाबदार खरेदीस कटिबद्ध आहोत’ एवढंच लिहून जो थांबतो तो कमकुवत.

अहवाल तपासायचे सहा प्रश्न

कोणत्याही कंपनीचं नाव आणि पुढे ‘कॉन्फ्लिक्ट मिनरल्स रिपोर्ट’ असं इंग्रजीत सर्च करा. पीडीएफ उघडा आणि हे प्रश्न विचारा. पंधरा-वीस मिनिटांत अंदाज येतो.

१. स्मेल्टरची नावं दिलीत का? फक्त ‘आमचे स्मेल्टर जगभर आहेत’ असं असेल तर तपासायला काहीच उरत नाही. नाव, देश आणि सीआयडी क्रमांक असेल तर तुम्ही ते आरएमआयच्या वेबसाईटवर स्वतः पडताळू शकता.

२. तपासलेले किती आणि न तपासलेले किती? टक्केवारी बघा, पण ती कशाची हेही बघा. ‘ऑडिटमध्ये सहभागी’ आणि ‘ऑडिट पास’ या वेगळ्या गोष्टी आहेत. काही अहवाल दोन्ही एकत्र करून आकडा मोठा दाखवतात.

३. यादी उत्पादनाची की पुरवठादारांच्या सगळ्या धंद्याची? प्रामाणिक कंपनी स्पष्ट लिहिते की यादीतली काही नावं आमच्या उत्पादनाशी संबंधित नसू शकतात. आणि ती नावं गाळायला आम्ही काय करतोय, हेही लिहिते.

४. गेल्या वर्षीपेक्षा काय बदललं? दोन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवा. कोणती नावं गेली, का गेली? मजकूर तोच आणि फक्त साल बदललं असेल तर समजून जा. तारीख बदलणारा पोरगा तिथेही आहे.

५. अडचण सापडल्यावर काय केलं? ‘त्या स्मेल्टरला पत्र पाठवलं, अमुक महिन्यांची मुदत दिली, सुधारणा झाली नाही म्हणून पुरवठादाराला थांबवायला सांगितलं’ ही खरी माहिती. मात्र लगेच नाव काढून टाकणं दर वेळी चांगलंच असतं असंही नाही. काँगोत हाताने खोदून पोट भरणारे लाखो लोक आहेत. सगळ्यांनीच पाठ फिरवली तर सगळ्यात आधी त्यांची चूल विझते. म्हणून ओईसीडीची पद्धत सांगते की शक्य असेल तिथे आधी सुधारणा करायला लावा, गंभीर प्रकार असेल तर संबंध तोडा.

६. अहवालात काय नाही? हा सगळ्यात महत्त्वाचा. बॅटरीतलं कोबाल्ट या अमेरिकन कायद्यात येतच नाही. जगातलं निम्म्याहून बरंच जास्त कोबाल्ट काँगोतून येतं, आणि तिथल्या खाणीत मुलं काम करतात हे अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनलने २०१६ मध्ये जगासमोर मांडलं. अभ्रकही यात येत नाही. ते तर आपल्याच देशातलं: झारखंडमधल्या कोडरमा, गिरिडीहच्या पट्ट्यात मुलं अभ्रक वेचतात. जी कंपनी कायद्याने न सांगताही कोबाल्ट आणि अभ्रकाची माहिती देते, तिला एक गुण जास्त द्या.

गुळगुळीत वाक्यांचा खरा अर्थ

- ‘आम्हाला असं मानण्यास वाजवी कारण आढळलं नाही...’ म्हणजे पुरावा सापडला नाही. किती शोधलं, ते पुढच्या परिच्छेदात बघा.
- ‘मूळ देश निश्चित करता आला नाही’ वाचायला वाईट वाटतं, पण अनेकदा हेच सगळ्यात खरं वाक्य असतं.
- ‘१०० टक्के पुनर्वापर केलेलं सोनं’ इथे आपल्याकडच्या सराफाची मोड आठवा. जुने दागिने मोडीत घातले की ते वितळतात आणि नव्यात मिसळतात. आता खाणीतून आलेलं कच्चं सोनं कोणी एकदा वितळवून ‘मोड’ म्हणून विकलं तर? म्हणून दावा वाचताना बघा की ‘पुनर्वापर’ची व्याख्या दिली आहे का, आणि तो दावा कोणी तपासला.
- ‘स्वतंत्र ऑडिट’ कशाचं? स्मेल्टरचं ऑडिट वेगळं आणि या अहवालाचं वेगळं. आपलं उत्पादन ‘संघर्षमुक्त’ आहे असं कंपनीने स्वतःहून म्हटलं, तरच अमेरिकेत अहवालाचं ऑडिट लागतं. म्हणून बहुतेक कंपन्या तसं म्हणतच नाहीत.

कागद बरोबर, माल दुसरा

तापीच्या काठावर राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. वाळूच्या डंपरवाल्याकडे रॉयल्टीची पावती असते. पावती खरी असते. पण त्या पावतीवर वाळू त्याच घाटातली आहे का, आणि एकाच पावतीवर किती फेऱ्या झाल्या, हे पावती सांगत नाही.

काँगो आणि रवांडातही खनिजाच्या पोत्यांना टॅग लावायची पद्धत आहे. अडचण तीच, दुसरीकडचा माल टॅगच्या पोत्यात शिरतो. २०२४ च्या एप्रिलअखेर एम२३ या बंडखोर गटाने रुबाया भागाचा ताबा घेतला. जगातल्या टँटलमपैकी सुमारे १५ टक्के माल या एका भागातून येतो असं सांगितलं जातं. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी नोंदवलं की हा गट तिथल्या कोल्टनवर कर वसूल करून महिन्याला सुमारे ८ लाख डॉलर मिळवतो, आणि तिथला माल रवांडातल्या मालात मिसळला जातो.

डिसेंबर २०२४ मध्ये काँगो सरकारने फ्रान्स आणि बेल्जियममध्ये अ‍ॅपलच्या तिथल्या कंपन्यांविरुद्ध फौजदारी तक्रारी दिल्या. अ‍ॅपलने आरोप ठामपणे फेटाळले, आणि काँगो व रवांडातून हे धातू घेणं थांबवा असं पुरवठादारांना आधीच कळवल्याचं सांगितलं. लक्षात घ्या, अ‍ॅपलचे अहवाल या क्षेत्रात सविस्तर मानले जातात. तरी प्रश्न सुटलेला नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये जीएओ या अमेरिकी संसदेच्या तपासणी संस्थेनेही निष्कर्ष काढला की या नियमानंतर काँगोतली शांतता आणि सुरक्षितता सुधारलेली नाही.

मग अहवाल वाचून उपयोग काय? उपयोग आहे. २०१० च्या आधी बहुतेक कंपन्यांना आपला स्मेल्टर कोण हेच माहीत नव्हतं. आज नावं छापलेली आहेत, म्हणूनच पत्रकार, संशोधक आणि तुम्ही-आम्ही बोट ठेवून प्रश्न विचारू शकतो. अहवालाकडे प्रमाणपत्र म्हणून बघू नका, चौकशीची सुरुवात म्हणून बघा.

भारतात काय स्थिती आहे?

आपल्याकडे कॉन्फ्लिक्ट मिनरल्ससाठी वेगळा कायदा नाही. जवळचा म्हणजे सेबीचा ‘बीआरएसआर’ अहवाल. १० मे २०२१ च्या परिपत्रकाने तो आला आणि २०२२-२३ पासून बाजारमूल्याने पहिल्या १००० नोंदणीकृत कंपन्यांना सक्तीचा झाला. त्यातल्या तत्त्व क्रमांक २ मध्ये विचारलेलं असतं: शाश्वत पद्धतीने खरेदी करण्याची कार्यपद्धती आहे का, आणि असेल तर किती टक्के कच्चा माल तसा घेतला?

इथेही तीच युक्ती. टक्का दिसला की ‘शाश्वत’ची व्याख्या शोधा. पुरवठादाराने आचारसंहितेवर सही केली म्हणून त्याचा सगळा माल शाश्वत धरला असेल, तर तो टक्का खाणीपर्यंत पोचलेलाच नाही. स्मेल्टरची नावं तर बीआरएसआर मागतच नाही.

आणि तुमच्या हातातल्या फोनचं? अ‍ॅपल आणि गुगलची मूळ कंपनी अल्फाबेट फॉर्म एसडी भरतात. सॅमसंग अमेरिकेत नोंदणीकृत नाही, पण स्वतःहून माहिती आणि स्मेल्टरची यादी जाहीर करते. शाओमी हाँगकाँगच्या बाजारात आहे, तर विवो आणि ओप्पो कुठल्याच शेअर बाजारात नाहीत, त्यामुळे सेबीचा हा नियम त्यांना लागत नाही. म्हणजे आपल्या भागात सर्रास विकल्या जाणाऱ्या फोनबद्दलच आपल्याला सक्तीने काही सांगितलं जात नाही.

तुम्ही काय करू शकता?

- तुमच्या ब्रँडचा अहवाल शोधा. सापडला तर सहा प्रश्न लावा. सापडलाच नाही तर तेही एक उत्तर आहे.
- कंपनीला ईमेल करा, एकच प्रश्न विचारा: ‘तुमच्या स्मेल्टरची यादी कुठे बघायला मिळेल?’
- फोन एक-दोन वर्षं जास्त वापरा. बॅटरी बदलून चालत असेल तर नवीन घेऊ नका. बंद पडलेला फोन कपाटात न ठेवता अधिकृत ई-कचरा केंद्रात द्या.
- आणि पुढे इंजिनिअर होऊन नोकरीला लागलात, आणि ती एक्सेल फाईल तुमच्याकडे आली, तर नुसती तारीख बदलू नका. पुरवठादाराला फोन करून विचारा. उत्तर मिळालं नाही तर ‘माहीत नाही’ असंच लिहा. पुढच्या माणसाला चौकशी कुठून सुरू करायची, हे त्या ‘माहीत नाही’वरूनच कळतं.